मदत हवी आहे: स्वभाव आणि सुखाची प्रश्नावली मराठीत कशी विचारू?

नमस्कार मंडळी, एमए सायकॉलॉजीचं प्रोजेक्ट करतेय, विषय स्वभाव आणि समाधान. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांचा 1980 चा पेपर वाचलाय, त्यात साधारण असं की बहिर्मुख माणसांना आनंदाचे क्षण जास्त अनुभवायला मिळतात आणि ज्यांचा न्यूरोटिसिझम (मन पटकन अस्वस्थ होण्याचा स्वभाव) जास्त त्यांना चिंता, चिडचिड जास्त, म्हणजे आनंद आणि त्रास या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. इथपर्यंत कळलं.

घोडं अडलंय भाषेत. मानसशास्त्रज्ञ डीनर यांची 1985 ची आयुष्याच्या समाधानाची स्केल वापरतेय, पाचच वाक्यं, प्रत्येकाला 1 ते 7 मार्क, म्हणजे एकूण 5 ते 35. पण आमच्या गल्लीतल्या साठीच्या काकूंना विचारलं तर त्या सगळ्याला सातच देतात, "समाधानीच म्हणायचं गं, देवाने काय कमी केलंय", आणि मग चहा पिताना अर्धा तास सुनेबद्दल बोलतात 😅 आता हे 35 मार्क खरे धरू का?

दुसरं म्हणजे न्यूरोटिसिझमला मराठीत काय म्हणू? पुस्तकातला 'मज्जाविकृती' शब्द वापरला तर लोक आजारच समजतील. 'मनाला लावून घेणारा स्वभाव' चालेल का, की त्यात चिडचिड सुटते?

कोणी असं काम मराठीत केलंय का? कागद देण्यापेक्षा तोंडी विचारलं तर लोक जास्त मोकळे होतात की अजूनच गोड बोलतात? गाइड म्हणतात तू ठरव, आणि पुढच्या महिन्यात सबमिशन आहे.