अराता इझुमी यांचा निर्णय सोपा नव्हता
जपानमध्ये वाव नव्हता म्हणून फुटबॉलपटू अराता इझुमी भारताकडून खेळले, हे काहींचे मत त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. गुजराती वडील आणि जपानी आई यांच्या पोटी जन्मलेला हा मध्यरक्षक २००६ मध्ये भारतात आला, ईस्ट बंगाल व महिंद्रा युनायटेड या क्लबांनंतर पुणे एफसीत स्थिरावला आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे २०१२ मध्ये जपानी नागरिकत्वावर पाणी सोडून भारतीय झाला. २०१३ मध्ये भारताची जर्सी अंगावर आली, तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. मधल्या फळीत नव्वद मिनिटे धावणाऱ्याला त्या वयात किती हंगाम उरतात, हे बेळगावात लेले मैदानावर घाम गाळणाऱ्या आमच्या पोरांनाही ठाऊक आहे.