हनिमूनला पचमढी का नको? मनाली-बालीच्या पॅकेजवर माझा आक्षेप

रामबागकर
धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, खरमास (लग्नं न करण्याचा महिना) लागायच्या आत. हॉल झाला, केटरर झाला, आता घरात एकच विषय, हनिमूनला कुठे. भावाच्या ऑफिसातले मनाली म्हणतात, मावसबहिणीने बाली सुचवलंय, ट्रॅव्हल एजंटने पीडीएफ पाठवलेत आणि त्यात सगळीकडे तेच, बेडवर टॉवेलचे हंस आणि गुलाबाच्या पाकळ्या. माझं मत मी घरी सांगितलं, इथेही सांगतो, सरळ आपल्या मध्य प्रदेशातल्या पचमढीला जा, हिल स्टेशनला.

कारण ऐका. लग्नघरात शेवटचे आठ-दहा दिवस कुणाचीच झोप होत नाही. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन, मग सत्यनारायण, मग पाहुण्यांना स्टेशनवर सोडा. अशा दमलेल्या दोघांना विमानाने दिल्लीला न्यायचं, तिथून रात्रभर व्हॉल्व्होत बसवायचं, घाटात मळमळ, सकाळी मनालीत उतरलं तर खोली मिळणार दुपारी, आणि येताना परत हेच सगळं. सहा दिवसांच्या पॅकेजात दोन दिवस तर बसमध्येच गेले! बरं डिसेंबरात रोहतांग बहुतेक बंद असतो. एजंट नुसतं "स्नो पॉइंट" लिहितो, म्हणजे सोलंग, नाहीतर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सू. वाटेत ड्रायव्हर गाडी थांबवतो ती नंबर टाकलेल्या दुकानापाशी, तिथे तो जाड सूट आणि गमबूट भाड्याने घ्यायचे, आधीच्या गिऱ्हाइकाच्या पायाने आतून ओले झालेले. नवीन नवरा-बायकोने यासाठी एवढा पैसा घालावा हे मला पटत नाही.

पचमढीला इंदूरहून ओव्हरनाइट ट्रेनमध्ये झोपायचं, पिपरियाला उतरायचं, तिथून टॅक्सीने पन्नासेक किलोमीटर. एमपी टुरिझमची तिथली काही हॉटेलं जुन्या इंग्रजी बंगल्यांत आहेत, रॉक एंड मॅनोर, ग्लेन व्ह्यू, उंच छत, पुढे लांब व्हरांडा, समोर झाडं. जिप्सी (उघडी जीप) करून संध्याकाळी धूपगढ, 1,350 मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक, तिथला सूर्यास्त बघून कुणी नाराज होऊन परत आलेलं मी तरी बघितलं नाही. थंडी आहे, जंगल आहे, धबधबे आहेत, आणि खिशाला झेपतं. आता बोला.

सुदामानगरची_सून
दादा, तुमची थकव्याची गोष्ट शंभर टक्के खरी आहे पण पचमढी नको. आपल्याकडे प्रत्येकजण तिथे शाळेच्या सहलीला जाऊन आलाय. बी फॉल, जटाशंकर, पांडव गुंफा, सगळं आधीच बघितलेलं. आणि मुख्य म्हणजे सुट्टीच्या दिवशी तिथे अर्धं इंदूर असतं. नव्या नवरीने थोडं मोकळं, थोडं मनासारखं घालून फिरायचं म्हटलं तर समोरून कुणाचे तरी काका "अरे, तू अमक्याची सून ना" करत येणार आणि संध्याकाळपर्यंत सासरी फोन. एकत्र कुटुंबात लग्न झालेल्या मुलीला हनिमूनमध्ये सगळ्यात जास्त काय हवं असतं सांगू? जिथे आपल्याला कुणीही ओळखत नाही अशी जागा. पुढची कित्येक वर्षं दाराला कडी लावायच्या आधी चारदा विचार करावा लागतो. ते चार-सहा दिवस तरी तिचे असू द्या.

आणि एक विचारते, होणाऱ्या भावजयीला कुणी विचारलं का? तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये ऑफिसातले आहेत, मावसबहीण आहे, एजंट आहे, तीच कुठे दिसली नाही.

नकाशावाला
रामबागकर भिया, "जवळ" म्हणताय म्हणून सांगतो. इंदूर ते पचमढी रस्त्याने भोपाळवरून 390 किलोमीटरच्या आसपास, शेवटी घाट, गाडीत आठ तास धरा. ट्रेन म्हणाल तर ती पिपरियाला भल्या पहाटे अंधारात सोडते, डिसेंबरच्या थंडीत नवरी मेंदीचे हात शालीत घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी आणि टॅक्सीवाला रेट सांगतोय. तेवढ्या वेळात मुंबई किंवा बंगळुरूला विमान बदलून माणूस कोचीला पोचतो.

माझं मत केरळ. मुन्नार साधारण 1,600 मीटरवर, चहाचे मळे, थंडी बेताची, कानटोपी लागेल पण हीटर शोधत फिरावं लागणार नाही. कोचीहून मुन्नार 130 किलोमीटर पण घाटामुळे चार-पाच तास लागतात, म्हणून पहिली रात्र फोर्ट कोचीत काढा, झोप पूर्ण करा, मग निघा. शेवटी अलेप्पीची हाउसबोट. तिच्याबद्दल एजंट जे सांगत नाहीत ते आधी विचारा. बोट रात्रभर फिरत नाही, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते कारण नंतर पाण्यात कोळ्यांची जाळी असतात. बऱ्याच बोटींचा एसी फक्त रात्री चालतो. एक बेडरूमची वेगळी बोट घेतलीत तर ठीक, शेअरिंगमध्ये दुसऱ्यांची मुलं पळत असतात. एवढं बघून घेतलं की दुपारी वेम्बनाड तलावात बोट सावकाश चाललीये, आत स्वयंपाकी करीमीन मासा तळतोय (शाकाहारी असाल तर आधीच सांगा, वेगळं करून देतात), काठावर बायका भांडी घासतायत, कुठे जायचं नाही, काही "कव्हर" करायचं नाही. दमलेल्या जोडप्याला याहून चांगलं काही नाही असं माझं ठाम मत आहे.

रामबागकर
@नकाशावाला, केरळबद्दल जे लिहिलंत ते चांगलं लिहिलंत पण कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी असं पॅकेज असतं त्यात रोज बॅग भरा, रोज टॅक्सी. मी म्हणतोय एका जागी राहा. पचमढीत कंटाळा आला तर खाली मढईला जा, देनवा नदी बोटीने ओलांडून सातपुडा टायगर रिझर्व्हमध्ये शिरतात, तिथे गाइडबरोबर पायी सफारी करता येते, ती आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी मिळते. शाळेच्या सहलीत कुणी नेलं होतं का तिथे?

@सुदामानगरची_सून, ओळखीच्या माणसांचा मुद्दा खरा आहे. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार जा ना, गर्दी नाताळापासून पुढे होते. भावजयीला विचारायचं भावाला सांगितलंय.

बर्फवेडा
मी मनालीच्या बाजूने. सगळे गमबुटांवर का घसरताय? इंदूरमध्ये वाढलेल्या माणसाने बर्फ कुठे बघितलाय? छप्पन दुकानवर बर्फाचा गोळा, बस्स. डोंगर पांढरा झालेला पहिल्यांदा दिसतो ना, तेव्हा जी चाळीशीची माणसंही ओरडतात ती काय उगाच? आणि ती पहिली वेळ बायकोबरोबर असावी असं वाटण्यात चूक काय? धबधबा आपल्याला पातालपाणीला पण दिसतो.

फक्त शहाणपणाने करा. व्हॉल्व्हो घेऊ नका, चंदीगडपर्यंत विमान, रात्री तिथेच मुक्काम, सकाळी टॅक्सी. माल रोडवर राहू नका, जुन्या मनालीत नाहीतर नग्गरच्या बाजूला राहा, सफरचंदाच्या बागा, शांतता. बर्फ पडला तर सोलंगच्या पुढे फक्त फोर बाय फोर सोडतात, तेव्हा एक दिवस हातात जास्तीचा ठेवा. खोलीच्या हीटरचे पैसे वेगळे आहेत का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. आणि डिसेंबरच्या सुरुवातीला गावात बर्फ असेलच असं नाही, हे रामबागकरांचं मान्य, पण वर सिस्सूकडे चान्स चांगला असतो. पक्का बर्फ हवा तर जानेवारीत जा. लग्नानंतर लगेच निघालंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

वैशालीनगर
बर्फ म्हणजे गुलमर्ग. गोंडोलाची (रोपवेची) तिकिटं आधी ऑनलाइन काढायची, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर चला, पुन्हा मनालीचं नाव घेणार नाही.

नकाशावाला
काश्मीर सुंदरच आहे, वाद नाही. पण एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या बैसरनला जे झालं त्यात 26 माणसं गेली, नुकतं लग्न झालेले होते, इंदूरचं एक घरही होतं. आईवडील "नको" म्हणाले तर मुलांनी त्यावर हट्ट करू नये असं मला वाटतं. तिथल्या लोकांचं पोट टुरिझमवर आहे हेही खरं, जाणारे जातायत, जावं. पण लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात घरच्यांनी दिवसभर फोन हातात धरून बसावं असं करू नका.

टिळकनगरच्या_काकू
मुलांनो, तुम्ही सगळे फिरायचं बोलताय पण कुलदैवताचं काय? आमच्याकडे खंडोबा. लग्नानंतर आधी जेजुरी, मग बाकी सगळं. आपली घरं होळकरांच्या बरोबर इकडे आली, देव तिकडेच राहिले, ते काही पोराच्या सोयीने इंदूरला येणार नाहीत. जेजुरीला नवरा नवरीला उचलून पायऱ्या चढतो, निदान पाच तरी, वरून भंडारा उधळतात, सगळी पिवळी झालेली, सगळे हसताहेत, त्यापेक्षा रोमँटिक मला तरी तुमच्या त्या हाउसबोटीत काही दिसत नाही.

माझ्या पुतण्याने काय केलं, इंदूरहून पुण्याची गाडी, जेजुरी, आणि आम्ही मोठी माणसं तिथूनच परत फिरलो. ते दोघं पुढे महाबळेश्वरला. डिसेंबरात स्ट्रॉबेरी सुरू झालेली असते, थंडी गोड, बोलायला मराठी. एका प्रवासात दोन्ही झालं, सुट्टी वाचली.

सुदामानगरची_सून
काकू, तुम्ही तिथूनच परत फिरलात हे सगळ्यात महत्त्वाचं! बऱ्याच घरांत फिरत नाहीत. "आलोच आहोत तर आम्हीही महाबळेश्वर बघून घेतो" म्हणत दहा माणसांची टेम्पो ट्रॅव्हलर निघते आणि नवरी सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी सांभाळत मॅप्रोच्या रांगेत. हे मी ऐकलेलं नाही, आमच्या घरात झालंय. देवदर्शन वेगळं, हनिमून वेगळा, मध्ये निदान दोन दिवस घरी झोप. सुट्टी कमी असेल तर एक पुढच्या महिन्यात.

पासपोर्टधारी
बालीवाल्यांसाठी एवढंच, डिसेंबर म्हणजे तिथे पावसाळा. एजंटचे फोटो जुलैचे असतात. समुद्रच हवा असेल तर त्याच महिन्यात थायलंडचा अंदमान समुद्राकडचा किनारा, फुकेत, क्राबी, कोरडा असतो. आणि तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढा. लग्नपत्रिकेवर नवीन आडनाव छापलं म्हणून एजंटला तेच सांगितलं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, एअरपोर्टवर काउंटरसमोर रडारड होते. आडनाव बदलायचंच असेल तर परत आल्यावर सावकाश बदला.

बँकेतला_माणूस
परदेश असो की मनाली, कर्ज काढून जाऊ नका एवढंच सांगायला आलो. हनिमूनसाठी पर्सनल लोन मागायला जोडपी येतात, लग्नाचं कर्ज आधीच डोक्यावर असतं, त्यावर हे. ट्रिप आठवड्याची आणि हप्ता दोन-तीन वर्षं. पहिलं भांडण त्या हप्त्यावरूनच होतं. जेवढे पैसे हातात आहेत तेवढ्यात बसेल ते ठिकाण.

घाटावरचा
मग महेश्वर! इंदूरहून 90 किलोमीटर. शनिवार-रविवार सोडून जा, घाटाच्या जवळ खोली घ्या, संध्याकाळी नावेतून बाणेश्वराच्या देवळापर्यंत. बायकोला मागावरून उतरलेली माहेश्वरी साडी तिच्या पसंतीने घेऊन द्या. दुसऱ्या दिवशी मांडू, थंडीत हवा स्वच्छ असली की रूपमतीच्या महालावरून नर्मदेची रेघ दिसते. उरलेल्या पैशात जूनमध्ये कुठेही जा.

रामबागकर
घाटावरचा, हे मला आवडलं, पण घरचे म्हणतील एवढ्या जवळ गेले तर रोज जेवायला बोलावू.

सगळ्यांसाठी, काल भावजयीशी बोलणं झालं. म्हणजे भाऊ बोलला, मग त्याने मलाही फोन दिला. ती म्हणाली दादा, डोंगर नको, मी अजून समुद्र बघितलेला नाही. तिच्या माहेरचे सगळे देवाचे प्रवास, उज्जैन, ओंकारेश्वर, फार तर शिर्डी. तेव्हा ठरलं, समुद्र. तिथे मी अडून बसणार नाही, ज्यांचा हनिमून त्यांनी ठरवायचं. पण माझी अट तशीच आहे, एका जागी राहायचं आणि प्रवासात दमायचं नाही. आता समुद्रातलं सांगा. गोवा मला डिसेंबरात नको वाटतो, महाग आणि गर्दी.

नकाशावाला
अंदमान. हॅवलॉक, म्हणजे आता स्वराज द्वीप, राधानगर बीच. डिसेंबरात हवा चांगली. पण तिथे सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो, सकाळी लवकर उठणारे असतील तरच मजा. आणि पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय मराठी माणूस परत येत नाही, त्यासाठी एक दिवस धरा. फेरीची तिकिटं विमानाबरोबरच काढा, नंतर मिळत नाहीत.

सुदामानगरची_सून
विमान, परत विमान, मग फेरी. दादांची अट कुठे गेली? त्यापेक्षा केरळच, पण मुन्नार वगळून. कोचीहून सरळ मरारी बीच, अलेप्पीच्या जवळ, तिथे मुक्काम, एक रात्र हाउसबोट, झालं. तिला समुद्र मिळतो, दादांना एक जागा मिळते.

टिळकनगरच्या_काकू
समुद्र कोकणातही आहे हो. जेजुरी करून पुढे तारकर्ली. खोलीच्या दारात समुद्र, जेवायला सोलकढी. आणि जेजुरीपर्यंत आलेली मोठी माणसं जेजुरीहूनच परत, हे मी स्वतः तुझ्या आईला फोन करून सांगते, नंबर पाठव.

बर्फवेडा
जेजुरी ते तारकर्ली गाडीत किती तास ते काकूंनी सांगितलं नाही. रामबागकर, आधी तेवढं नकाशावर बघून घ्या, मग आईला फोन लावू द्या.