‘जबाबदार सरकार’ हे कौतुक की आरोप?

मिसिसागाची सून
लेकीची सिव्हिक्सची फायनल सोमवारी आहे. ओंटारियोत दहावीला हा अर्ध्याच क्रेडिटचा विषय, पण त्याच्याशिवाय डिप्लोमा हातात पडत नाही. सासूबाई सांगलीला नागरिकशास्त्र शिकवायच्या आणि सध्या इथेच आहेत, त्यामुळे उजळणी मराठीतून चाललीये. (पेपर इंग्रजीत आहे, मला ठाऊक आहे. निदान समजून तरी घेऊ दे.) ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’पाशी गाडी अडली. सासूबाई म्हणाल्या, जबाबदार राज्यपद्धती. लेक म्हणाली, “कशाला जबाबदार? काय केलं सरकारनं?” तिनं हा शब्द आजोबांच्या बातम्यांत ‘दुर्घटनेला जबाबदार कोण’ एवढाच ऐकलेला. नवरा म्हणतो, जबाबदार म्हणजे वेळच्या वेळी बिलं भरणारं, गुणी सरकार. दोघांनाही मार्क नाहीत. सुटसुटीत शब्द आहे का? आणि ‘रायडिंग’ला मतदारसंघच म्हणायचं ना? तिच्या डोक्यात घोडा बसलाय.

पंतोजी
उत्तरदायी शासन. विषय संपला.

कोकणी मेवा
संपला कसा? उत्तरदायी आपल्याकडे हिंदी बातम्यांतून आला. सासूबाईंचा शब्द जुना आणि बरोबर आहे. १९१७ च्या, ब्रिटिश भारतमंत्री माँटेग्यूच्या घोषणेबद्दल आपण शाळेत काय घोकलं? ‘जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने’ देणार. तोच हा शब्द.

पंतोजी
संस्कृत ही हिंदीची जहागीर नव्हे. ‘जबाब’ मात्र पोलीस चौकीतला. जबाब नोंदवतात तो आरोपी. मुलगी गोंधळली यात नवल ते काय?

अर्धवटराव
जबाब साक्षीदाराचाही नोंदवतात, पंतोजी. आणि जबाब अधिक दार म्हणजे उत्तर ज्याच्याकडे आहे तो. उत्तर अधिक दायी म्हणजे उत्तर देणारा. कपडे बदललेत फक्त.

खरी गोम विभक्तीत आहे. ‘अपघाताला जबाबदार’ आणि ‘विधानसभेला जबाबदार’, दोन्हीकडे ‘ला’च. पहिल्यात आपण केलेलं पाप, दुसऱ्यात ज्याच्यापुढे हिशेब द्यायचा तो मालक. पोरीच्या कानानं ऐकलं तर विधानसभा ही मंत्रिमंडळानं घडवलेली दुर्घटना ठरते. हल्ली यावर उतारा म्हणून ‘विधानसभेप्रती’ लिहितात, तेही कानाला खटकतंच.

कॅलगरीकर
सून, शब्द राहू द्या, मुद्दा सांगा तिला. आधी गव्हर्नर आपल्या मर्जीतली माणसं मंडळात घ्यायचा, निवडून आलेल्या सभागृहानं कितीही आरडाओरडा केला तरी ती हलायची नाहीत. १८३७-३८ मध्ये अप्पर आणि लोअर कॅनडात (आजचे ओंटारियो आणि क्यूबेक) बंडं झाली. चौकशीला ब्रिटननं पाठवलेल्या लॉर्ड डरहॅमनं १८३९ च्या अहवालात सांगितलं, कारभार सभागृहाच्या विश्वासावर चालू द्या. १८४८ मध्ये आधी नोव्हा स्कोशियात ते झालं, पाठोपाठ कॅनडा प्रांतात बाल्डविन-लाफाँतेन या सुधारक पुढाऱ्यांच्या जोडीचं मंत्रिमंडळ आलं. उदाहरण विचारलं तर १९७९ चा पंतप्रधान, ‘जो क्लार्क’. अर्थसंकल्प १३३ विरुद्ध १३९ मतांनी पडला आणि सरकार गेलं. सासूबाईंना म्हणावं, आपल्याकडे १९९९ मध्ये वाजपेयी सरकार पाडणाऱ्या एका मताचा थोरला भाऊ.

मी घरी ‘सभागृहाला बांधील सरकार’ म्हणतो. मुलांना लगेच कळलं.

मिसिसागाची सून
बांधील! हे सांगते. आणि रायडिंग?

पंतोजी
बांधील म्हणजे वेठबिगार. सरकार काय कुणाकडे सालानं राहिलंय?

कोकणी मेवा
रायडिंगचा घोड्याशी काही संबंध नाही. नॉर्स लोकांचा शब्द, मूळ अर्थ ‘तिसरा हिस्सा’. यॉर्कशरचे उत्तर, पूर्व, पश्चिम असे तीन वाटे होते. ‘नॉर्थ’, ‘ईस्ट’ला चिकटून म्हणताना शब्दाच्या सुरुवातीचा ‘थ’ गिळला गेला आणि थ्रायडिंगचं रायडिंग झालं. आमच्या रत्नागिरीत खोताला पिकाचा अर्धा वाटा देणं ते अर्धेल, तिसरा देणं ते तिर्धेल. आजोबांच्या कागदांत ‘तिर्धेल’ मी स्वतः वाचलाय, मोडीत. तेव्हा माझ्या मते कॅनडाचं हाउस ऑफ कॉमन्स म्हणजे ३४३ तिर्धेली.

अर्धवटराव
तिसऱ्या हिश्शाचे ३४३ हिस्से. गणिताचा पेपर वेगळा असतो ना हो तिकडे?

पंतोजी
तिर्धेल पिकाची, जमिनीची नव्हे. मतदारसंघ हा स्वच्छ शब्द असताना ही खोती कशाला?

मिसिसागाची सून
मतदारसंघ लिहून घेतला. आता व्हिपवरून जुंपलीये. सासूबाई ‘प्रतोद’ म्हणतात. लेक म्हणते, हे औषधाचं नाव वाटतं.

पंतोजी
प्रतोद हाच शब्द. मूळ अर्थ बैल हाकायची पराणी. हल्लीच्या फाटाफुटींनंतर महाराष्ट्रात तो पानाच्या टपरीवरही सगळ्यांना पाठ आहे.

कोकणी मेवा
पण व्हिप शिकारीतला! कोल्ह्यामागे धावताना कुत्री भरकटू नयेत म्हणून चाबूक घेऊन फिरणारा माणूस. म्हणजे इंग्रजांनी खासदारांना कुत्री ठरवलं, आपण बैल.

अर्धवटराव
बैलांना बढती म्हणा. पण आमच्याकडे ‘व्हिप काढला’ म्हणतात, प्रतोद काढलेला ऐकला नाही.

पंतोजी
प्रतोद नेमतात. काढतात तो पक्षादेश. व्हिप म्हटलं की माणूस आणि हुकूम यांची खिचडी होते, मराठीत दोन शब्द आहेत म्हणून ती टळते.

कॅलगरीकर
इथे काढून तरी काय होतं? व्हिप मोडला तर फार तर पक्षातून हाकलतील. पक्ष सोडून समोरच्या बाकावर जाऊन बसलं तरी खासदारकी शाबूत. पक्षांतरबंदी कायदा नाहीच.

कोकणी मेवा
म्हणजे १९८५ च्या आधीचे आयाराम-गयाराम, तेही राजरोस! याला ‘पक्षांतर’ म्हणायचं की ‘बाकांतर’?

पंतोजी
बाकांतर हा शब्द नाही.

कोकणी मेवा
आता आहे.