अळिवाचे लाडू, थर्मास आणि सहा बाटल्या

(फॅमिली ग्रुप, रविवार सकाळ)

माई आत्या, ९:०५: मृणाल, अळीव, डिंक, खारीक सगळं आणून ठेवलंय. दूध उतरायला अळिवासारखं दुसरं काही नाही. लाडू आत्ता पाठवू की बाळंत झाल्यावर?

मृणाल, ९:१२: आत्या, लाडू पाठवाच. पण एक सांगायचं राहिलंय, इथेच सांगते म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन नको. बाळ पहिल्या दिवसापासून बाटलीवर असणार आहे. २०२० च्या ऑपरेशनमध्ये माझ्या दोन्ही बाजू काढल्यात, दूध येणार नाही. डॉक्टरांशी बोलून झालंय, रडूनही झालंय. आता तयारी करायची आहे, तारीख सव्वा महिन्यावर आलीये.

पिंट्या, ९:२३: कुणीतरी काहीतरी बोला ना. माई आत्या दहा मिनिटं नुसतं टायपिंग दाखवतेय.

माई आत्या, ९:२६: अगं बाई. ऑपरेशन माहीत होतं, पण हे डोक्यातच आलं नाही बघ. मी आपली अळीव निवडत बसले.

मृणाल: तुमचं काही चुकलं नाही आत्या. अळीव मलाही हवेतच, लोह कमी आलंय रिपोर्टमध्ये.

बापूकाका: संभाजीराजे १६५७ साली पुरंदरावर जन्मले. सईबाईंची तब्येत बरी नव्हती, तेव्हा आमच्या भोरजवळच्या कापूरहोळच्या धाराऊंनी त्यांना पाजलं. म्हणून राजे काही कमी पडले का?

निखिल: काका, पण धायरीत मी धाराऊ कुठून आणू?

स्नेहा: मी आहे की! चिऊ पाच महिन्यांची झाली, मला अजून भरपूर येतं. काढून फ्रिजमध्ये ठेवीन, निखिलदादाने येऊन न्यायचं.

शीतलवहिनी: स्नेहा, मन मोठं आहे गं तुझं, पण असं घरच्या घरी नको. दूध पेढीत आधी आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, मग दूध पाश्चराइज करतात. सायनच्या टिळक हॉस्पिटलात १९८९ पासून अशी पेढी आहे, आशियातली पहिली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. पण ते दूध आधी कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना जातं. तुला खरंच द्यायचं असेल तर पेढीत दे, माझ्या वॉर्डातली पिल्लं दुवा देतील. मृणालचं बाळ पूर्ण दिवसांचं आलं तर त्याला पावडरच.

मृणाल: शीतलताई, तुमचीच वाट बघत होते. हॉस्पिटलात काय काय न्यायचं?

शीतलवहिनी: आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा दोघं. कारण फाइलवर स्पष्ट लिहून घ्या, कोणती पावडर तेही. नाहीतर रात्री ड्युटी बदलली की नवी सिस्टर येऊन म्हणेल, आई, छातीशी लावा बाळाला. तिचंही चुकत नाही, आम्हाला तेच शिकवलंय.

निखिल: झालंच ते. काल नाव नोंदवायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी मला पाच मिनिटं स्तनपानाचं महत्त्व सांगितलं. मी उभा राहून ऐकून घेतलं. मृणाल गाडीत होती ते बरं.

शीतलवहिनी: आणि बाटली बहुतेक ठिकाणी आत घेऊ देत नाहीत. आम्ही वाटी-चमचा नाहीतर बोंडलं वापरतो. निपलच्या खाचेत दूध राहतं, वाटी घासायला सोपी. मृणाल, वाटी-चमच्याने पाजायला दोघंही शिकून घ्या. घरी बाटली द्यायची तर द्या, पण प्रवासात, लाइट गेली, भांडी उकळता आली नाहीत, की वाटी-चमचा वाचवतो.

आई (निखिलची): निखिलचं चांदीचं बोंडलं माझ्याकडे आहे. घासून ठेवते.

पिंट्या: दादा, हा डबा मेडिकलमध्ये दिसला. फोटो टाकलाय. घेऊ का?

माई आत्या: अरे हा नीट बघून घे. लहान मुलांचा डबा आणि वर बाळाचं चित्रच नाही? डुप्लिकेट असेल.

शीतलवहिनी: आत्या, चित्र नाही म्हणूनच बरोबर आहे. १९९२ च्या कायद्याने बाळाचं चित्र छापायला बंदी आहे. जाहिरात नाही, फुकट सँपल नाही, एकावर एक फ्री नाही. उलट आईचं दूधच सर्वोत्तम असं डब्यावर छापावं लागतं.

मृणाल: म्हणजे दिवसातून आठ वेळा ते वाक्य वाचायचंय मला. त्यावर मी स्टिकर लावणार आहे.

निखिल: लावलाच समज. पिंट्या, थांब, डॉक्टर सांगतील तोच घेऊ.

आई: एक विचारू का शीतल? सुरुवातीला पातळच करायचं ना? पावडर जड पडते. आमच्या शेजारी दोन चमच्यांच्या जागी एकच घालायचे.

शीतलवहिनी: काकू, हे अजिबात नाही. हात जोडते. पातळ केलं तर पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन वाढत नाही. रक्तातलं मीठ कमी होऊन आकडीसुद्धा येते. असं बाळ आमच्याकडे आलं की आई रडत असते, तिला कुणीतरी मोठ्यानेच सांगितलेलं असतं. दाट केलं तरी त्रास, शौचाला कडक होते आणि अंगातलं पाणी कमी पडतं. डब्यातला चमचा, डब्यावर लिहिलेलं पाणी, बस्स. बहुतेक डब्यांना ३० मिलीला एक चमचा असतो. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. उलटं केलं की माप चुकतं.

आई: आणि गुटी? मध चाटवायचा ना बारशाला?

शीतलवहिनी: मध वर्षभर नाही. गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, वरचं पाणीही नाही, मे महिना असला तरी. दुधातच पाणी आहे. गाईचं दूधही वर्षभर थांबा.

आई: बरं बाई. निखिलला सगळंच दिलं होतं.

निखिल: म्हणून तर असा झालोय.

मृणाल: आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, पुढे आरओ आहे. ते तसंच वापरू?

शीतलवहिनी: आरओ असला तरी उकळायचं. आता नीट वाच, हे सगळ्यात महत्त्वाचं. पावडरचा डबा निर्जंतुक नसतो. क्वचित त्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू निघतो आणि नवजात बाळाला तो फार वाईट. म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जाऊ न देता त्यात पावडर घालायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ पासून हेच सांगितलंय. पुष्कळ डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं, त्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. मग बाटली बंद करून गार पाण्याच्या वाटीत धरायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. चटका लागला तर थांबायचं. मायक्रोवेव्ह नको, वरून गार लागतं आणि मध्ये उकळतं असतं.

निखिल: पहाटे तीनला पाणी उकळत बसायचं?

शीतलवहिनी: चांगला स्टीलचा थर्मास घ्या. रात्री दहाला उकळतं भरा आणि आधी दोन-तीन रात्री स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवून बघा तीनला किती राहतं ते. बाळ यायच्या आधीच. नंतर थर्मामीटर कुठे ठेवला तेही आठवणार नाही.

बापूकाका: हिशोब केला. तीन किलोचं बाळ, पहिला आठवडा सरल्यावर किलोमागे १५० मिली, म्हणजे दिवसाला ४५०. त्याचे १५ चमचे. चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रोज ६७ ग्रॅम. ४०० ग्रॅमचा डबा सहा दिवस. महिन्याला पाच. निखिल, पगारातून बाजूला काढ.

शीतलवहिनी: काका, हिशोब अगदी बरोबर, पण बाळाला तो माहीत नसतो. पहिल्या दिवशी एका वेळी १५-२० मिली पुरतं. कधी जास्त घेईल, कधी तोंड फिरवेल. फिरवलं की थांबायचं, बाटली संपवायचा हट्ट नको. उरलेलं तासाभरात ओतून द्यायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा लंगोट ओले झाले की पोटात पुरेसं जातंय.

माई आत्या: ओतून द्यायचं म्हणजे... जाऊ दे, मी काही बोलत नाही.

मृणाल: बाटल्या किती घेऊ?

शीतलवहिनी: सहा, म्हणजे दिवसातून दोनदाच उकळावं लागेल. ISI छाप बघून, निपल सगळ्यात बारीक भोकाचं. बाटली आणि निपलचे दोन वेगळे ब्रश. घासून मग दहा मिनिटं उकळायच्या, बुडालेल्या हव्यात, आत हवेचा बुडबुडा नको. त्या पातेल्यात दुसरं काही शिजवू नका. पाजताना बाळ अर्धवट बसतं धर, बाटली आडवी, मध्ये मध्ये थांब, ढेकर काढ. उशीला बाटली टेकवून निघून जायचं नाही, ठसका लागतो. आणि कपडे बाजूला सारून अंगाशी घे गं त्याला. त्याला दूध नाही लागत.

मृणाल: घेईन.

मृणाल: एक वेडा प्रश्न. एसटी स्टँडच्या हिरकणी कक्षात बाटली घेऊन बसलं तर चालतं का?

स्नेहा: मी चिऊला घेऊन बसले होते तेव्हा एक बाई नातवाला बाटलीच पाजत होत्या. बस बिनधास्त. कुणी बघितलं तर माझं नाव सांग.

निखिल: रात्री १० ते २ मी, २ ते ६ मृणाल. पहिले पंधरा दिवस आई. त्यानंतर कोण?

माई आत्या: मी येते. लाडू घेऊनच येते. पाजायला फक्त तुम्ही दोघं, बाटल्या मी उकळीन.

(सोमवार)

माई आत्या, ७:४०: फोटो टाकलाय. मैद्यावर सराव केला. चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट. बरोबर आहे का शीतल?

शीतलवहिनी: आत्या, सपाट आहे, पण दाबून भरलाय. दाबायचा नाही, नाहीतर पावडर जास्त जाते.

माई आत्या: दाबला नाही गं. मैदाच ओलसर आहे, इथे सातारला पाऊस लागलाय.