मदत हवी आहे: नकाशा आणि मिनिएचर (पात्रांच्या छोट्या बाहुल्या) नसताना प्रसंग खेळाडूंच्या डोळ्यांपुढे कसा उभा करायचा?

नमस्कार मंडळी,

आमचा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गप्पांतून खेळायचा कल्पनेतला साहसखेळ) पाचव्या आवृत्तीचा ग्रुप आहे आणि डीएमपण (डंजन मास्टर, म्हणजे प्रसंग सांगून खेळ चालवणारा) माझ्या गळ्यात पडलंय. दर रविवारी रात्री ऑडिओ कॉलवर खेळतो. एक जण बोटीवर नोकरीला आहे, त्याचं नेट आवाजापुरतं कसंबसं चालतं. त्यामुळे ऑनलाइन बॅटलमॅप बाद. (ते करून झालंय, कृपया पुन्हा सुचवू नका.) गप्पा, चौकश्या, कटकारस्थानं मस्त रंगतात. तलवार उपसली की गोंधळ.

गेल्या रविवारचंच सांगते. मुद्दाम एक पडका चौसोपी वाडा घेतला. म्हटलं, वाडा सगळ्यांना माहीत असतो, वर्णनात वेळ जायला नको. "विहिरीपाशी पाच गॉब्लिन आहेत," एवढंच म्हणाले (गॉब्लिन म्हणजे छोटे राक्षस). माझ्या डोक्यातली विहीर चौकाच्या मधोमध. विझर्ड (जादूगार) खेळणारीच्या डोक्यात तिच्या आजोळची, वाड्यामागे परसातली. आमचा क्लेरिक (देवाचा पुजारी, दुसऱ्या खेळाडूचं पात्र) चौकात. विझर्डवालीने बिनधास्त फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकला, २० फूट त्रिज्येचा. मी क्लेरिकला सेव्ह मारायला (बचावाचा फासा टाकायला) सांगितलं आणि कॉलवर चिडीचूप. मग, "तो कशाला भाजेल? तो तर आत आहे!" पुढचा अर्धा तास कोण कुठे होतं याचा पंचनामा. शेवटी फायरबॉल परत घ्यावा लागला.

वर्णन वाढवूनही पाहिलं. खांबांवरची नक्षी, कौलांतून ठिबकणारं पाणी, वटवाघळं... दीड मिनिट बोलले. संपल्यावर पहिला प्रश्न: "बरं, गॉब्लिन किती आहेत?"

त्यात एक खेळाडू म्हणतो, डोळे मिटले तरी त्याला कधीच काही चित्र दिसत नाही. मग वर्णन करायचं तरी कुणासाठी? तुम्ही कसं करता?

प्रतिसाद १

ताई, रेडिओवरची क्रिकेट कॉमेंट्री आठवते का? बाळ ज. पंडित मराठीत सांगायचे तेव्हा आमच्या घरात कुणीही मैदानाची लांबीरुंदी विचारली नाही. स्लिप, गली, मिडऑन म्हटलं की माणूस कुठे उभा आहे ते कळायचं, कारण जागांना नावं होती आणि ती सगळ्यांची एकच होती. तुमच्या विहिरीचं तिथेच बिनसलं. "चौकातली विहीर" म्हणाला असतात तर क्लेरिक वाचला असता. लढाईआधी चार-पाच जागांची नावं सांगून टाका आणि प्रत्येकाला विचारा, तू कुठे आहेस? नक्षी त्यानंतर. आकडा आणि धोका मात्र वाक्याच्या शेवटी ठेवा, ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटचंच उरतं.

प्रतिसाद २

फुटांचा नाद सोडा. 'थर्टीन्थ एज' या अशाच दुसऱ्या खेळात अंतर शब्दांत असतं: भिडलेले, जवळ, लांब. 'फेट' या खेळात जागेचे भाग पाडतात. तुमच्या वाड्याचे तर आयतेच पडलेत: दिंडी, चौक, सोपा, माजघर, परस. एका भागातून शेजारच्या भागात जायला एक मूव्ह, विषय संपला.

फायरबॉलसाठी २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये सोपा हिशेब आहे: गोलाची त्रिज्या भागिले पाच. म्हणजे २० फुटांत साधारण चार जण. दाटीवाटी असेल तर वाढवा, विखुरलेले असतील तर कमी करा.

आणि सेव्ह मागण्याआधी बोला की हो! "इथे टाकलास तर चार गॉब्लिन सापडतील, पण क्लेरिकही भाजेल. चालेल?" विझर्ड या पात्राला क्लेरिक समोर दिसतोय. दिसत नाही ते खेळाडूला, आणि तिचे डोळे म्हणजे तुम्ही. खरं सांगायचं तर हा फायरबॉल तुमच्या खात्यावर.

प्रतिसाद ३

मलाही डोक्यात चित्रं दिसत नाहीत, तरी बरीच वर्षं खेळतोय. मला कोण कुणाला भिडलंय आणि दार कुणी अडवलंय एवढं कळलं की पुरे. आमचा डीएम प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला चॅटवर एक ओळ टाकतो: "चौक: क्लेरिक, ३ गॉब्लिन. सोपा: विझर्ड. दिंडी: बंद." बोटीवरच्या नेटलाही तेवढं झेपेल. शिवाय वास, आवाज माझ्यासाठी जास्त कामाचे. ओल्या राखेचा वास सांगितलात तर तो वाडा मी विसरणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. फायरबॉलचा गुन्हा कबूल. :)

काल एका ओळीचा प्रयोग केला. तिसऱ्या फेरीपर्यंत "मी पोचतो का?" हा प्रश्न बंद झाला आणि बोटीवरचे साहेब पहिल्यांदाच माझ्याआधी बोलले: "दिंडी मोकळी आहे ना? मग मी पळालो." भागांची नावं मात्र दोनदा समजवावी लागली, एकाला सोपा म्हणजे सोफा वाटला.

आता अडलंय ते माडीवर. एक गॉब्लिन वरच्या कठड्याआडून बाण मारतोय आणि खाली सोप्यात उभ्या असलेल्या विझर्डला तो दिसतो की नाही यावर सेशन थांबवलंय. वर-खालीचं तुम्ही कसं सांगता?