मदत हवी आहे: भिंतीच्या फटीत गांधीलमाश्या

मागच्या दाराच्या चौकटीलगत भिंतीला फट आहे. आठवडाभर बघतेय, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या गांधीलमाश्या तिथून सारख्या आत-बाहेर करतात. पोळं दिसतच नाही, त्यामुळे आत किती असतील याचा अंदाज येत नाही. काल कचऱ्याचा डबा उचलताना लेकाच्या हाताला एकाच माशीने तीनदा डंख मारला. मधमाशीसारखा हिचा काटा तुटून राहत नाही ना! हात चांगलाच सुजला, पण श्वासाला त्रास झाला नाही, हे नशीब.

नवरा म्हणतो, फट सिमेंटने बुजवून टाकू. मला पटत नाही. बाहेरची वाट बंद झाली तर त्या आतून कुरतडत घरातच निघायच्या. रॉकेल, धूर यांना तर माझा ठाम नकार आहे. चौकट लाकडी आहे.

अंधार पडल्यावर, त्या शांत असताना, फटीत कीटकनाशक पावडर मारून कुणाला गुण आलाय का? की थेट पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच बोलवू? सासूबाईंना पूर्वी डंखाची जबरदस्त ॲलर्जी आली होती, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. आणि ये-जा थांबल्यावर फट किती दिवसांनी बुजवलीत, तेही सांगा.