मदत हवी: ऑगस्टसनंतर रोममध्ये कायदे नक्की कोण करत होतं?

अडलेला_वाचक:
लवकर उत्तर हवंय. ट्वेल्व्ह टेबल्सपर्यंत (रोमचा पहिला लेखी कायदा) नीट समजलं, पुढे गाडी अडली. एका पुस्तकात इ.स.पू. २७ ला पहिला सम्राट ऑगस्टसने प्रजासत्ताक परत केलं म्हणतात, दुसऱ्यात तेच साल साम्राज्याची सुरुवात. सिनेट (बड्या घराण्यांची सभा) होतीच, कॉन्सलही (दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी) होतेच. मग कायदा कोण करायचं? आणि सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या डायजेस्टमध्ये (कायद्याच्या संकलनात) सम्राटांऐवजी कायदेपंडितांचीच मतं का? सनावळी नको, ती आहे माझ्याकडे.

पायवाट:
कशासाठी हवंय? एमपीएससी, एलएलबी की प्रकल्प? त्यावर उत्तर ठरेल.

तक्तेवाला:
सरळ तक्ता करा. इ.स.पू. ५०९ राजा हाकलला, ४९४ ट्रिब्यून (सामान्यांचे रक्षक अधिकारी), ४५१-४५० ट्वेल्व्ह टेबल्स, ३६७ प्लेबियनांना (सामान्य वर्गाला) कॉन्सलपद, २८७ होर्टेन्सियसचा कायदा (त्यांच्या सभेचे ठराव सगळ्यांना लागू). मी एम.ए. असंच काढलं, भिंतीवर चिकटवून.

अडलेला_वाचक:
सनावळी नको म्हटलंय ना! तोंडी परीक्षा आहे, एम.ए. इतिहास. तिथे तक्ता काय दाखवू?

पायवाट:
हे आधी सांगायचं होतंत. कधी आहे?

अडलेला_वाचक:
उद्या.

निवृत्त_मास्तर:
मुळात प्रजासत्ताकात सिनेट कायदे करतच नव्हती. ती सल्ला द्यायची, आणि तो डावलायची सहसा कुणाची छाती नसे. कायदा जनसभेत व्हायचा. अधिकारी मसुदा मांडणार, लोक फक्त हो किंवा नाही म्हणणार, दुरुस्ती सुचवायची सोय नाही. ऑगस्टसने हे मोडलं नाही. इ.स.पू. १८ चे त्याचे विवाहविषयक कायदे जनसभेतूनच झाले. इ.स. १४ मध्ये पुढचा सम्राट टायबेरियसच्या काळात निवडणुका सिनेटकडे गेल्या, जनसभा हळूहळू ओस पडल्या आणि सिनेटच्या ठरावालाच कायद्याचं बळ आलं. पुढे तर सम्राटाने सिनेटपुढे केलेलं भाषणच कायदा म्हणून उद्धृत होऊ लागलं. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस कायद्याचे उगम सांगताना जनसभेचे कायदे, सिनेटचे ठराव, सम्राटांचे आदेश, अधिकाऱ्यांची फर्मानं आणि पंडितांची मतं एका रांगेत ठेवतो. तुमचं उत्तर तिथे आहे बाळा. जुनं रद्द न करता त्यावर नवं चढत गेलं.

रोखठोक:
मास्तर, हे फार सोज्वळ झालं. सैन्य ऑगस्टसच्या हातात होतं, बाकी सगळा देखावा.

निवृत्त_मास्तर:
नुसत्या सैन्यावर भागलं असतं, तर इ.स.पू. २३ मध्ये त्याने ट्रिब्यूनचे अधिकार कशाला घेतले? नंतरचा सम्राट व्हेस्पासियन याला अधिकार देणाऱ्या कायद्याचा कांस्याचा पत्रा रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे, त्याचा मजकूर वाचा. ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस यांना जे करता येत होतं ते यालाही करता येईल, असं कलमामागून कलम येतं. कॅलिगुला आणि नीरो हे मधले बदनाम सम्राट गाळलेत. सत्ता हातात असूनही ती कागदोपत्री मागून घ्यावी लागली, याला मी देखावा म्हणणार नाही.

रोखठोक:
त्याच पत्र्यावर, राज्याच्या हिताचं वाटेल ते करण्याचा अधिकार असंही कलम आहे. तेही सांगा परीक्षकांना.

सीझरप्रेमी:
ज्युलियस सीझर सम्राट नव्हता, तहहयात डिक्टेटर होता. लोक कायम चुकतात.

अडलेला_वाचक:
सीझरचं कुणी विचारलं? पंडितांचं सांगा ना कुणीतरी.

वकीलीण_पणजी:
वरच्या चर्चेत प्रेटर (न्यायदान सांभाळणारा अधिकारी) कसा सुटला? रोजचा कायदा त्याने घडवला. दरवर्षी नवा प्रेटर पदावर येताना कोणत्या तक्रारी ऐकणार याचं फर्मान काढायचा. खटल्याचं सूत्र, म्हणजे काय सिद्ध झालं तर काय निकाल द्यायचा, ते तो लिहून द्यायचा आणि निवाडा एक खासगी नागरिक करायचा. इ.स.पू. २४२ पासून परदेशीयांच्या दाव्यांसाठी वेगळा प्रेटर आला. प्रेटर आणि निवाडा करणारा, या दोघांनाही विचारायला कायदा जाणणारं माणूस लागायचं, म्हणून पंडितांचं वजन वाढलं. सम्राट हेड्रियनने पंडित ज्युलियानसकडून फर्मान कायमचं ठरवून घेतल्यावर प्रेटरची वाट बंद झाली, पंडितांची चालू राहिली. इ.स. ४२६ मध्ये तर पाच पंडितांच्या मतांची मोजणी करून, बरोबरी झाली तर त्यांतल्या पापिनियनचं धरावं, असा नियम आला. ५३३ चं डायजेस्ट त्यांच्याच लिखाणातून निवडलेलं आहे, एक तृतीयांशाहून अधिक तर एकट्या अल्पियन या पंडिताचं. सम्राटांचे आदेश वेगळ्या ग्रंथात, कोडेक्समध्ये आहेत, म्हणून ते तुम्हाला डायजेस्टमध्ये दिसत नाहीत.
आमच्या गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज संहिता आली तीही याच परंपरेतली. मृत्युपत्राने मुलांना पूर्ण बेदखल करता येत नाही, निम्मी मालमत्ता राखीव. जस्टिनियनने चारपर्यंत मुलं असतील तर तिसरा हिस्सा आणि त्याहून जास्त असतील तर निम्मा राखून ठेवला होता.

तक्तेवाला:
गोव्यात माझ्या मावशीच्या घराचं असंच अडकलंय. ताई, व्यनि (खासगी निरोप) करू का?

अडलेला_वाचक:
कोडेक्स वेगळा, हेच कुणी सांगत नव्हतं! मास्तर, ताई, आभार. एकच राहिलं: सम्राटाची इच्छा म्हणजेच कायदा, हे अल्पियनचंच ना?

निवृत्त_मास्तर:
त्याचंच. पण अर्ध्यावर थांबू नका. लोकांनी आपली सगळी सत्ता सम्राटाला दिली आहे म्हणून, असं कारणही तो त्याच वाक्यात देतो. परीक्षक पुढचा प्रश्न त्यावरच विचारतील.